वानखेडेवर चेंडू छातीपर्यंत उसळतो, मग आमच्या परभणीच्या मैदानावर गुडघ्याच्या वर का येत नाही?

फरक मातीचा आहे: वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची, आपल्याकडची काळ्या मातीची. मी परभणीतच क्लबच्या सामन्यांसाठी खेळपट्टी तयार करतो, त्यामुळे काळी माती रोजची हाताखालची. ती चिकट, पाणी धरून ठेवणारी. कितीही रोलर फिरवा, चेंडू थांबून आणि खाली राहून येतो. एप्रिलच्या उन्हात बोट जाईल एवढी भेग पडते, पण भेगेच्या दोन्ही बाजूंची ढेपळं जागची हलत नाहीत. लाल मातीत चिकणपणा कमी. ती लवकर वाळते, टणक होते, म्हणून उसळी मिळते. मात्र लवकर भुरभुरतेही, आणि मग चेंडू हातभर वळतो. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने भारताचे एका डावातले १० च्या १० बळी घेतले ते वानखेडेवरच.

पण लाल माती म्हणजे फलंदाजाची धडगत नाही, असं समजू नका. मुंबईतल्याच ब्रेबॉर्न स्टेडियमच्या क्लबशी तिकिटांवरून बिनसल्यावर मुंबईच्या क्रिकेट संघटनेने वानखेडे बांधलं, आणि जानेवारी १९७५ मधल्या तिथल्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. गवत, पाणी आणि रोलर यांवरही बरंच अवलंबून असतं.

लाल माती आणायचा विचार असेल तर काळीवर नुसता थर पसरू नका. दोन्ही माती एकजीव होत नाहीत, थर सुटतो. जुनी खोदून काढूनच भरा.