टॉवेल पाणी का टिपत नाही?

प्रश्न : सोलापुरात यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतील शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. मुलांच्या जिज्ञासेतून शिकवावे, असे प्रशिक्षणात सांगितले गेले; परंतु ‘तुम्हाला कोणते प्रश्न पडतात?’ असे विचारले की सारा वर्ग गप्प बसतो आणि अखेर मलाच उत्तर सांगून पुढे जावे लागते. अभ्यासक्रमही वेळेत संपवायचा असतो. काय करावे?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आपण किती वेळ थांबता, हे आधी घड्याळ लावून पाहावे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरे लांबतात, एरवी न बोलणारी मुले बोलतात आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढतात, असे त्यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले असतील, तर त्यांना मराठीत मांडणी करायला आणखी वेळ लागेल. गटात ती आपसात तेलुगूत बोलली, तर खुशाल बोलू द्यावीत.

शिवाय ‘कोणते प्रश्न पडतात?’ हे विचारणे फारच मोघम आहे. समोर काही खटकणारे असल्याखेरीज प्रश्न पडत नाही, आणि आपल्या मुलांच्या तर घरातच ते आहे. नवा टेरी टॉवेल पहिल्या दिवशी पाणी नीट टिपत नाही, चार वेळा धुतल्यावर मात्र टिपू लागतो. असे का, एवढेच विचारून आपण थांबावे. कोणी धूळ म्हणेल, कोणी रंग. ज्याचे वडील मागावर आहेत तो खळ म्हणेल. तिन्ही तर्क फळ्यावर लिहावेत, पण बरोबर कोणता ते सांगू नये. मग एकाच टॉवेलचे तुकडे करून एक कोरा ठेवावा, एक साध्या पाण्यात आणि एक साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा, प्रत्येकावर सारख्याच उंचीवरून पाण्याचा थेंब सोडावा आणि तो जिरायला किती सेकंद लागतात ते मुलांनी मोजावे. एकदाच मोजले तर चालेल का, हा वाद बहुधा मुलेच काढतील. तो मिटवण्याची घाई करू नये. धाग्यावर उरलेली खळ आणि कापड मऊ लागावे म्हणून दिलेली रसायने पाण्याला अडवतात, हे आकडे हाती आल्यावरच सांगावे.

मुलांना अगदी मोकळे सोडावे, असा याचा अर्थ नाही. नवख्या विद्यार्थ्याला पुरेशा मार्गदर्शनाविना शोधायला लावले तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी मनात माहिती धरण्याच्या क्षमतेवर, नको तेवढा ताण पडतो, असा आक्षेप किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये घेतला होता आणि तो मला बराचसा पटतो. म्हणून प्रश्न आणि कृती आपण द्यावी, निष्कर्ष तेवढा मुलांवर सोपवावा. कृतीची आखणी पुढच्या खेपेस त्यांच्याकडे द्यावी.

अभ्यासक्रमाचे म्हणाल, तर प्रत्येक धडा असा शिकवता येणार नाही आणि शिकवूही नये. संज्ञा, एकके आणि आम्ल हाताळण्याची खबरदारी सरळ सांगून टाकावी. सत्रात असे दोन धडे झाले तरी सुरुवातीला पुष्कळ झाले.