बोट लागण्याआधीच! वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सुट्टीत मुंबई–गोवा आणि लक्षद्वीपच्या क्रूझवर निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांनी विचारलंय, ‘बोट लागली तर काय करायचं?’ त्याचं उत्तर पुढे आहेच. पण बोट लागल्यावर, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळ-उलटी सुरू झाल्यावर, करण्यासारखं थोडंच उरतं. खरं काम केबिन निवडताना आणि गोळीची वेळ ठरवताना करायचं असतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

आंबेनळी घाटात आम्हा दोघांनाही गाडी लागते. डिसेंबरात मुंबई–गोवा क्रूझला जायचंय. एजंट म्हणतो, वरच्या मजल्यावरची, पुढच्या बाजूची बाल्कनीची केबिन घ्या, पैसे जास्त पण समुद्र झकास दिसतो. घ्यावी का?
*— ठाण्याहून एक वाचक*

नका घेऊ. तुमच्यासारख्यांना जहाजावरची ती सगळ्यात वाईट जागा. सी-सॉच्या फळीवर टोकाला बसलेलं पोर हातभर वर-खाली होतं आणि मधल्या खुंटाजवळ बसलेलं जेमतेम हलतं. जहाजाचंही तसंच. समोरून लाट आली की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, उचलली जाते आणि आपटते, मधला भाग मात्र बराच स्थिर राहतो. आडव्या, म्हणजे डावी-उजवीकडे डोलण्यात हाच हिशेब उंचीला लागू होतो. जितके वरच्या मजल्यावर, तितका झोका मोठा.

तेव्हा केबिन लांबीच्या मध्यावर आणि प्रवाशांच्या मजल्यांपैकी खालच्या मजल्यावर मागा. एजंटकडून डेकचा नकाशा घ्या आणि त्यावर केबिनच्या नंबरावर बोट ठेवायला सांगा. ‘मधलीच आहे’ एवढ्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. ‘नंबर नंतर मिळेल’ असं स्वस्त तिकीट असतं, त्यात जागा नशिबावर, म्हणून तेही टाळा. खिडकी मिळाली तर उत्तम. बिनखिडकीची केबिन रात्री डोळे मिटून झोपायला चालते, जागेपणी तिथे बसून राहणं नको.

जहाज एवढं अजस्र, त्याला झोक सावरणारे पंखही असतात म्हणे. मग बोट लागतेच कशी? लक्षद्वीपच्या फेरीत तर जहाज चालू असताना आम्ही ठणठणीत होतो आणि ते उभं राहिल्यावर पोटात ढवळायला लागलं!
*— पुण्याहून एक वाचक*

पाण्याखाली दोन्ही बाजूंना असलेले ते पंख विमानाच्या पंखांसारखं काम करतात. पाणी त्यांच्यावरून वेगाने वाहिलं तरच जोर निर्माण होतो. वेग कमी झाला की त्यांची ताकद जाते. शिवाय ते आवरतात फक्त आडवं डोलणं. नाळ उचलली जाणं किंवा अख्खं जहाज वर-खाली होणं त्यांच्याने थांबत नाही. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटापासून दूर खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींतून उतरावं लागतं. म्हणजे पंख निकामी आणि वर आडवी येणारी लाट. तुमचं पोट अगदी बरोबर वेळी बिघडलं! अशा फेरीत त्या सकाळची गोळी चुकवू नका, छोट्या बोटीत मागच्या बाजूला बसा आणि नजर बेटाच्या किनाऱ्यावर ठेवा.

आता ‘कशी’ याबद्दल. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि बारीक खडे असलेल्या दोन पिशव्या असतात. शरीर कुठल्या दिशेला कलतंय, उचललं जातंय, हे तिथून मेंदूला कळतं. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, भिंत स्थिर आहे. कान सांगतात, आपण हलतोय. या भांडणातून मळमळ येते. ज्यांचे दोन्ही आतले कान निकामी असतात त्यांना बोट लागत नाही, हे १९व्या शतकातच ध्यानात आलं होतं. सगळ्यात त्रासदायक हेलकावा म्हणजे साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारा, संथ. म्हणून मोठ्या जहाजाची शाही चाल फसवी असते. धक्के जाणवत नाहीत आणि पोटात मात्र गोळा येतो.

गोळी नक्की कोणती आणि केव्हा घ्यायची? केमिस्ट दर वेळी वेगळी देतो.
*— नाशिकहून एक वाचक*

दुकानात सहज मिळणाऱ्यांत तीन नावं लक्षात ठेवा. मोठ्या माणसांसाठी नेहमीचं प्रमाण असं. सिनारिझिन २५ मिलिग्रॅम, हालचाल सुरू होण्याच्या साधारण दोन तास आधी, आणि गरज पडली तर आठ तासांनी पुन्हा. मेक्लिझिन २५ ते ५० मिलिग्रॅम, तासभर आधी, २४ तासांत एकदाच. तिसरी प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याकडे एसटीच्या प्रवासासाठी पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाणारी ॲव्होमिन. लांबच्या प्रवासाला ती आदल्या रात्री झोपताना घेतात, कारण ती चांगलीच गुंगी आणते. तिन्हींपैकी एकच निवडा. डॉक्टरांना एकदा विचारा आणि घरी सुट्टीच्या दिवशी एक घेऊन पाहा. किती झोप येते, तोंड किती कोरडं पडतं, हे जहाजावर पहिल्यांदा कळायला नको.

वेळेचा घोळ असा होतो. जहाज संध्याकाळी सुटतं. बंदराच्या आतलं पाणी शांत असतं, सगळे डेकवर फोटो काढत असतात, ‘काही होत नाहीये’ म्हणून गोळी राहून जाते. प्राँग्जचं दीपगृह मागे पडून उघडा समुद्र लागला की पंधरा-वीस मिनिटांत तोंडाला पाणी सुटायला लागतं. तेव्हा घेतलेली गोळी फारशी उपयोगी नाही. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी आतड्यापर्यंत पोचतच नाही, बहुतेक वेळा उलटीतून बाहेर येते. म्हणून पाचला सुटणार असेल तर सिनारिझिन तीनला, म्हणजे टर्मिनलवरच्या रांगेत. आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये हव्यात. मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि केबिनच्या दारात त्या उशिरा येतात.

यांपैकी कुठल्याही गोळीबरोबर दारू नको. सर्दीची गोळीही विचारल्याशिवाय नको, कारण तिच्यात बहुधा याच जातीचं औषध असतं आणि गुंगी दुप्पट होते. गोव्याला उतरून स्कूटर भाड्याने घ्यायचा बेत असेल तर तो दिवस टॅक्सीने काढा.

मांडव्याला जाताना लाँचमध्ये उलटी झाली म्हणून ऑन्डॅन्सेट्रॉन घेतली. डॉक्टर आमच्याकडे कुठल्याही उलटीला तीच देतात. काही फरक पडला नाही.
*— अलिबागहून एक वाचक*

पडणारही नव्हता. ऑन्डॅन्सेट्रॉन पोटातून निघणाऱ्या संदेशांवर चालते, त्यामुळे जुलाब-उलटीत किंवा केमोथेरपीनंतर गुणकारी. बोट लागण्याचा संदेश कानातून निघतो आणि वेगळ्या वाटेने जातो, तिथे ती अडसर घालत नाही. डोम्पेरिडोनचंही साधारण तेच. वरच्या तीन गोळ्या कानाकडून येणारी वाट मंद करतात.

लाँचबद्दल एक सूचना, गोळीपेक्षा स्वस्त. सकाळची लाँच पकडा. आपल्या किनाऱ्यावर दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा जोर धरतो आणि पाणी उठतं. फेब्रुवारी ते मे तर संध्याकाळपर्यंत चांगलंच. मालवणहून सिंधुदुर्ग किंवा राजपुरीहून जंजिरा करायचा असेल तरी हेच.

वडील ७२ वर्षांचे. मधुमेह, रक्तदाब, प्रोस्टेटचा त्रास. त्यांना ही गोळी चालेल?
*— कोल्हापूरहून एक वाचक*

विचारल्याशिवाय नको. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी या औषधांनी अडू शकते, विशेषतः प्रोमेथाझिनने. भर समुद्रात ते फार अवघड होऊन बसतं. एका प्रकारच्या काचबिंदूतही ही औषधं धोक्याची. कंपवात असेल तर सिनारिझिन टाळतात, कारण ती कंप वाढवते. कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्टीची जाहिरात बाहेरदेशच्या क्रूझवर दिसते. वयस्कर माणसांना तिने भ्रम होऊ शकतो, त्यामुळे तीही परस्पर लावू नका.

मधुमेहाचा प्रश्न गोळीइतकाच गंभीर आहे. ग्लिमेपिराइड किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं आणि जेवण उलटून पडलं, तर साखर झपाट्याने खाली येते. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या उलट्या चालू असताना बहुधा थांबवाव्या लागतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: जेवण पोटात राहिलं नाही तर कोणतं औषध घ्यायचं, कोणतं थांबवायचं. कागद, ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी वडिलांच्याच खिशात असू द्या, तुमच्या बॅगेत नको.

आलेपाक, लिंबू, मनगटावरचे पट्टे… यातलं खरं काय? आणि बुफेत काय खावं?
*— रत्नागिरीहून एक वाचक*

आल्याचा काहींना बरा उपयोग होतो, काहींना अजिबात नाही. निघण्याआधी साधारण १ ग्रॅम सुंठ, म्हणजे अर्ध्या चमच्याच्या आसपास, किंवा दिवसभरात आलेपाकाच्या तीन-चार वड्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी विचारा. लिंबू हुंगल्याने वास मारला जातो, तेवढंच. आवळासुपारी चघळायला हरकत नाही. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोऱ्यांसारख्या लागणाऱ्या दोन कंडरांच्या मधोमध दाब देणाऱ्या पट्ट्यांचा पुरावा कच्चा आहे, अपाय मात्र नाही. आंबेनळीत ज्यांचं पोट ढवळतं त्यांनी निव्वळ पट्ट्याच्या भरवशावर जाऊ नये.

रिकाम्या पोटी चढणं ही नेहमीची चूक. ‘काही खाल्लंच नाही तर उलटी कशाची?’ असं वाटतं, पण रिकाम्या पोटातल्या आम्लाने मळमळ वाढते आणि कोरड्या उमळ्या भरल्या पोटापेक्षा जास्त छळतात. मेतकूटभात, इडली, खारी, मुरमुरे असं थोडं थोडं दर दोन-तीन तासांनी. बुफेत तळणाचा आणि चीजचा वास कोंडलेला असतो. दाराजवळचं किंवा खिडकीकडचं टेबल धरा, नाहीतर ताट घेऊन उघड्या डेकवर खा. पहिल्या रात्री वडे आणि मटण दोन्ही सोडा.

मुलगी सहा वर्षांची. तिला काय द्यावं?
*— डोंबिवलीहून एक वाचक*

दोन ते बारा हेच सगळ्यात नाजूक वय, तेव्हा ‘लहान आहे, तिला काय कळतंय’ हा भ्रम सोडा. औषधाचं प्रमाण वजनावरून बालरोगतज्ज्ञच ठरवतील. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन अजिबात नाही. काही मुलं या औषधाने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, म्हणून घरी एकदा देऊन पाहायचं. बाकी मोबाइल आणि चित्र रंगवायची वही केबिनमध्ये ठेवून तिला डेकवर न्या आणि ‘लांबची होडी आधी कुणाला दिसते’ हा खेळ लावा. नजर क्षितिजावर राहते ना, तेच औषध.

तरी लागलीच तर?
*— बऱ्याच जणांनी विचारलेला प्रश्न*

पहिली खूण उलटी नसते. जांभया, थंड घाम, ओठ पांढुरके आणि तोंडात लाळ, हे आधी येतं. तेव्हाच उठा आणि जहाजाच्या मध्यावर, उघड्या हवेत, पुढे तोंड करून उभे राहा. जिथे आकाश पाण्याला टेकतं ती रेघ धरा. फोनच्या पडद्यातून समुद्राचा व्हिडिओ काढणं म्हणजे डोळ्यांना पुन्हा भिंत दाखवणं. बाहेर जाता येत नसेल तर केबिनमध्ये पाठीवर उताणे पडा, उशीने डोकं दोन्ही बाजूंनी अडवा, डोळे मिटा. बसून, मान खाली घालून पाय चोळत राहणं सगळ्यात वाईट.

उलटीसाठी पिशवी वापरा, कठड्यावरून वाकू नका. पडण्याचा धोका तर आहेच, शिवाय खालच्या बाल्कनीत कुणीतरी चहा पीत बसलेलं असतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं काहीच नको. मग ओआरएस. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलिलिटरमध्ये. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. दर दोन-तीन मिनिटांना एक चमचा. तहान लागली म्हणून ग्लासभर ढोसलं की तेही बाहेर येतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

जहाजावर दवाखाना असतो आणि उलट्या थांबत नसतील तर तिथे इंजेक्शन देतात. बहुधा त्याचे पैसे वेगळे पडतात. आठ तास लघवी झाली नाही, बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, छातीत दुखतंय, उलटीत रक्त आहे, यांपैकी काहीही असेल तर ‘बोट लागली असेल’ म्हणत थांबायचं नाही. ताप आणि जुलाब असतील तर तोही बोटीचा दोष नव्हे, पोटाचा संसर्ग आहे. दवाखान्याला कळवा आणि हात साबणाने धुवा. अशा संसर्गावर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

परत आल्यावरही घरात जमीन डोलल्यासारखी वाटते. बाथरूममध्ये तोल जातो.
*— साताऱ्याहून एक वाचक*

दोन-तीन दिवसांत मेंदू समुद्राला सरावतो, मग जमिनीला परत सरावायला त्याला वेळ लागतो. एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. तोवर डोळे मिटून डोक्यावर पाणी ओतताना भिंतीला हात लावा. आठवडा उलटून गेला तरी डोलणं राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.