वरचा मजला चढवण्याआधी जुना नकाशा शोधा

प्रश्न : आमचा कोथरूडला १९८२ सालचा बैठा बंगला आहे. मुलाचं लग्न ठरलंय, म्हणून वर एक मजला चढवायचा विचार आहे. जुना मंजूर नकाशा सापडत नाही. मागच्या अंगणात सासऱ्यांनी नंतर कोठीची खोली बांधली होती. ठेकेदार म्हणतो, काम सुरू करू, नकाशा मागाहून पास करून घेऊ. शेजारी सांगतात, महापालिकेचं ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळालीच समजायची. खाली स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून फरशीही बदलायची आहे. त्यालाही परवानगी लागते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, ठेकेदाराला आधी थांबवा. परवानगीशिवाय काम सुरू झालं की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली पाडकामाची नोटीस येऊ शकते. शिवाय बेकायदा बांधकामावर मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्ती (दंड) लावण्याची तरतूद आहे. ती नोटीस आणि तो भुर्दंड मालकाच्या नावावर येतो, ठेकेदार तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. आणि मिळकतकराची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हेही मनात पक्कं करा.

पहिलं काम जुना नकाशा मिळवण्याचं. महापालिकेच्या बांधकाम विकास विभागात नकलेसाठी अर्ज करा. तिथे दाद लागली नाही तर माहिती अधिकारात मागा. सासऱ्यांनी घरासाठी कर्ज काढलं असेल तर बँकेच्या फायलीत प्रत असू शकते, तीही विचारा. जुन्या बंगल्यांच्या बाबतीत माझा आग्रह असतो तो इथेच. मंजूर नकाशा हातात घेऊन आर्किटेक्टने टेप लावून घर मोजायचं आणि कुठे काय जुळत नाही ते कागदावर आणायचं. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तुमची कोठी बहुधा तिथेच अडकेल. ती सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत असली तर नियमित होणं कठीण. पण म्हणून ती नकाशातून गाळू नका. जागेवर पाहणीला आलेल्या माणसाला ती दिसणारच, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. पाडायचा भाग पिवळ्या रंगात, नवं काम लाल रंगात, असं स्पष्ट दाखवा. सासऱ्यांची आठवण म्हणून ती खोली ठेवावीशी वाटेल, मला ते समजतं. पण एका कोठीपायी मुलाचा मजला अडकवू नका.

वर किती बांधता येईल ते प्लॉटचं क्षेत्र आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवर ठरतं. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ते दिलेलं आहे. जिन्याकडे विशेष लक्ष द्या. मुलाला स्वतंत्र वाट हवी म्हणून बाहेरून जिना काढतात, तो बाजूच्या मोकळ्या जागेत येतो आणि प्रस्तावावर हरकत निघते. जिना आतच बसवता येतो का, हे पहिल्या आराखड्यातच पाहा.

शेजाऱ्यांनी सांगितलेली ६० दिवसांची तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये खरोखर आहे. मात्र प्रस्ताव नियमांना तंतोतंत धरून असेल तरच ती लागू होते. नियम मोडणारा भाग अशा मानीव, म्हणजे मिळाली असं धरलेल्या परवानगीवर बांधला तरी तो अनधिकृतच ठरतो. तिच्या भरवशावर पाया खणू नका.

फरशी, गिलावा, रंग यांना परवानगी लागत नाही. भिंतीचं मात्र वेगळं. त्या काळच्या बैठ्या घरांत बऱ्याचदा नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनियरने पाहिल्याशिवाय तिला छिन्नीही लावू देऊ नका. त्यालाच एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया तपासायला सांगा. पाया वरचा मजला पेलणार नसेल तर नकाशा मंजूर होऊनही उपयोग नाही, म्हणून हा खर्च आर्किटेक्टच्या फीच्याही आधी करा.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आल्यावरच काम सुरू करा आणि मधे खिडकी जरी सरकवली तरी आर्किटेक्टला कळवा. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम वापरायला महापालिकेची परवानगी) घेतल्याशिवाय ठेकेदाराचा अखेरचा हप्ता देऊ नका. ही अट आजच करारात लिहून घ्या.