खडखड नेमकी कुठून येते?

वाहन-देखभाल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : गाडीचं रनिंग सत्तर हजार किलोमीटर झालं आहे. खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना पुढच्या डाव्या बाजूने 'खट-खट' असा आवाज येतो. मोठ्या गतिरोधकावरून मात्र गाडी आरामात जाते, तेव्हा काहीच आवाज नाही. मेकॅनिक म्हणतात, पुढचे दोन्ही शॉकअप बदला. बदलू का?

इतक्यात नको. तुमच्या पत्रातली दुसरी आणि तिसरी ही दोन वाक्यं फार कामाची आहेत. बारीक खड्ड्यांवर आवाज, मोठ्या गतिरोधकावर शांतता. एवढ्यावरून माझा पहिला संशय लिंक रॉडवर जातो.

गाडीच्या पुढे आडवी एक वाकवलेली लोखंडी दांडी असते, तिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून ती असते. तिची दोन्ही टोकं एकेका बारीक रॉडने स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जुळणी) किंवा लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा दांडा) जोडलेली असतात. हाच लिंक रॉड. बहुतेक गाड्यांत त्याच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारे गोळीचे सांधे असतात. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात, त्यामुळे बारला पीळ पडत नाही आणि लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. खडबडीत रस्त्यावर मात्र एक चाक वर तर दुसरं खाली असं चालू राहतं. बार सारखा इकडून तिकडे पिळला जातो, आणि बॉल जॉइंट झिजला असेल तर त्यातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, दर हिसक्याला वाजतो.

हे तपासायची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथेच बरेच जण फसतात. एकच चाक जॅकवर उचलून लिंक रॉड हलवला तर तो घट्टच वाटतो. एक चाक लोंबकळत असताना बारला पीळ पडलेला असतो, त्या ताणाखाली प्ले दबून जातो. म्हणून दोन्ही चाकं जमिनीवर तरी हवीत, नाहीतर दोन्ही सारखी लोंबकळलेली तरी. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर आणि इंजिन बंद ठेवा. एकाने डाव्या कोपऱ्यावर हाताने दाब देऊन गाडी वरखाली हलवायची. दुसऱ्याने स्टिअरिंग आधीच पूर्ण वळवून ठेवलेल्या चाकामागून हात घालून लिंक रॉडचा जॉइंट दोन बोटांत धरायचा. प्ले असेल तर कानाला ऐकू यायच्या आधी बोटांना टिचकी लागते. शॉकअपपेक्षा हा पार्ट कितीतरी स्वस्त आणि बदलायलाही सोपा असतो.

लिंक रॉड ठीक निघाला तर पुढचा क्रम असा ठेवा. उलटसुलट खड्ड्यांतून जाताना ब्रेक अगदी हलका दाबून बघा. तेवढ्यात आवाज थांबला तर तो सस्पेन्शनचा नाही, ब्रेक पॅड किंवा ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना वाजताहेत. ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना एकच 'धप्प' येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश (सांध्यातलं, मध्ये नळी असलेलं रबर) बघा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग 'टण्ण' करून सुटल्यासारखी वाटली तर स्ट्रट माउंटचं, म्हणजे स्ट्रट वर जिथे गाडीला जोडतात तिथलं, बेअरिंग अडकतंय. पूर्ण वळणावर ॲक्सिलरेटर दिल्यावर 'कट-कट-कट' आलं तर तो चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, त्याचा शॉकअपशी काही संबंध नाही.

लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमध्ये प्ले सापडला तर मात्र एक दिवसही थांबू नका. तो सुटला तर चाक आडवं होतं आणि गाडी हातात राहत नाही. बाकीचे आवाज सोसता येतात, हा नाही.

शॉकअप बदलायला सांगणारा मेकॅनिक लबाड असतो असं मी म्हणणार नाही. पण आवाज कुठून येतो ते हाताने दाखवल्याशिवाय पार्ट मागवू देऊ नका. चांगला कारागीर तुम्हाला खाली वाकवून, हात लावायला देऊन दाखवतो.

प्रश्न : मागच्या उजव्या शॉकअपवर तेलाचा ओलसरपणा आहे. गाडी दाबून सोडली तर एकदाच वर येऊन थांबते, म्हणजे शॉकअप चांगला आहे ना? बदलायचाच झाला तर एक बदलला तर चालेल का?

आधी नुसता ओलसरपणा आणि गळती यातला फरक बघा. रॉड वरखाली होताना सीलमधून तेलाचा पातळ थर बाहेर येतो, त्यावर धूळ बसते. वरच्या भागात एवढंच असेल तर काळजी नको. फडक्याने कोरडं पुसा आणि काही दिवस गाडी चालवून पुन्हा बघा. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील तर शॉकअप गेला.

दाबून सोडायच्या तपासणीत पार संपलेला शॉकअप तेवढा कळतो. अर्धामुर्धा गेलेला त्यातून पास होतो, कारण हाताने दिलेला धक्का फार सावकाश असतो आणि रस्त्यावर चाक त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतं. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. घेराभर थोड्या थोड्या अंतराने उंचसखल खळगे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारतंय. कधी कधी बॅलन्सिंग बिघडल्यानेही असं होतं, म्हणून तेही त्याच वेळी तपासून घ्या.

बदलताना एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बदला. एक नवा आणि एक थकलेला अशी जोडी असेल तर जोराच्या ब्रेकला किंवा वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. बंप स्टॉप (आपटणं अडवणारं रबर), डस्ट बूट (धूळ अडवणारं आवरण) आणि माउंट हे त्याच मजुरीत बदलून होतात, तेव्हा ते जुनेच परत बसवू नका.

आणखी एक. गाडी उभी असताना एका बाजूला खाली बसलेली दिसत असेल तर त्याचा दोष शॉकअपला देऊ नका. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचे हेलकावे थांबवायचं. आतलं तेल बारीक व्हॉल्व्हमधून रेटलं जातं आणि हलण्यातली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. खाली बसलेल्या बाजूची स्प्रिंग थकलेली असते किंवा तिचा वेढा तुटलेला असतो. तुटलेला तुकडा बहुधा अगदी खालच्या बशीत असतो, टॉर्च लावून बघा.

पुढच्या शॉकअपबद्दलही लिहून ठेवतो, कारण तशीही पत्रं आहेत. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी स्ट्रटची रचना असते. तिच्यात शॉकअप चाकाला उभं धरून ठेवण्याचंही काम करतो. म्हणून तो काढून बसवला की अलाइनमेंट करावीच लागते. स्ट्रट खोलायचा म्हणजे आधी स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरायची. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जिवाला मुकू शकतो. हे काम घरी करू नका, कितीही सोपं दिसलं तरी.

प्रश्न : लोअर आर्मचे बुश नवे टाकले, वर्षभरात पुन्हा फाटले. पार्ट डुप्लिकेट होता का?

असेलही, पण बसवण्यातली चूक जास्त शक्य आहे. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळलेली, आणि त्याच स्थितीत बुशचा बोल्ट आवळून टाकला, असं बहुतेक ठिकाणी होतं. बुशची आतली नळी तिथेच जखडली जाते. मग गाडी खाली उतरली की आर्म वर सरकतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहतं. त्यावर रस्त्याचे हिसके, म्हणजे रबर लवकर फाटणारच.

बरोबर पद्धत अशी : बोल्ट आधी हातानेच बेताचा लावायचा. गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मला खालून आधार देऊन नेहमीच्या उंचीवर आणायचं. मग टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळायचं. या वेळी बुश टाकताना तुम्ही तिथे उभे राहा आणि शेवटचा आवळा कधी दिला जातो ते बघा. आणि करकरणाऱ्या बुशवर इंजिन ऑइल सोडू नका, साधं रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

प्रश्न : डिकीत सामान भरलं की गाडी मागून बसते. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवायला सांगतात. बसवू का?

नको. बफर ज्या वेढ्यांत बसतो ते हलायचे थांबतात आणि सगळं काम उरलेल्या वेढ्यांवर येतं. स्प्रिंग कडक होते, गाडी जास्त आपटते आणि वेढा तुटण्याचा धोका वाढतो. टायरमध्ये हवा बरोबर ठेवून, सपाट जागी, रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. दोन्हीकडे फरक दिसला किंवा माप ठरलेल्यापेक्षा कमी भरलं तर स्प्रिंगची जोडी बदला. माप बरोबर असेल तर वजन कमी करा. मॅन्युअलमध्ये दिलेली वजनाची मर्यादा ब्रेकसाठीही असते.

प्रश्न : पावसाळी सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटमधून 'चीं' असा आवाज येतो, मिनिटभराने थांबतो. बेल्टवर स्प्रे मारून बघितला, आठवडाभर बरं होतं.

तो स्प्रे आता बंद करा. त्याचा चिकट थर धूळ धरून ठेवतो आणि बेल्ट आणखी बिघडवतो.

आवाज चालू असताना, केस आणि बाही लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीतून थोडं साधं पाणी सोडा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाही, किंवा एखाद्या पुलीचं बेअरिंग कललं आहे. आवाज उलट वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. बेल्ट आपोआप ताणून धरणारा टेन्शनर असेल तर त्याची स्प्रिंग थकली आहे. अशा वेळी नुसता बेल्ट बदलून थोडेच दिवस निभतं. हल्लीच्या बेल्टला जुन्यासारखे तडे जात नाहीत. त्याच्या खाचा आतून झिजून रुंद होतात, त्यामुळे वरवर नव्यासारखा दिसणारा बेल्टही घसरतो.

हा बेल्ट अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला तर बेल्ट तुटला असं समजा, गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

प्रश्न : डॅश कॅमेरा आणि ट्रॅकर बसवल्यापासून गाडी चार दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही. बॅटरी नवी आहे.

हिशेब मांडून बघा. कॅमेरा पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू राहून, ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर खर्च होतो, चार दिवसांत जवळपास २९. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल तर निम्म्याहून जास्त गेली, आणि रोजच्या छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतही नसते. उभ्या गाडीचा स्वतःचा खर्च सहसा ५० मिलिअँपिअरच्या आत असतो.

मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये जोडून मोजा. गाडी लॉक केल्यावर सगळे कंट्रोल युनिट झोपायला वेळ लागतो, तासभर थांबून आकडा वाचा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. खर्च जास्त निघाला तर कॅमेऱ्याची वायर इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घ्या, किंवा व्होल्टेज उतरलं की तोडणारं उपकरण मध्ये बसवा. आणि बॅटरीवरून थेट घेतलेल्या प्रत्येक वायरला बॅटरीच्या जवळच फ्यूज असलाच पाहिजे. कॅमेऱ्याशेजारी फ्यूज असून उपयोग नाही. वायर मध्येच पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तो तिला वाचवत नाही आणि आग लागते. बसवणाऱ्याकडून फ्यूजची जागा डोळ्यांनी बघून घ्या.

प्रश्न : एसीचा गॅस दर वर्षी भरून घ्यावा का?

नाही. ती बंद यंत्रणा आहे, गॅस वापरून संपत नाही. दर वर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, ती आधी शोधायला सांगा. थंडावा कमी झाला तर अगोदर केबिन फिल्टर काढून बघा, मग रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली माती पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. धार जोरात मारू नका, जाळीची पाती दुमडतात. थंडीच्या दिवसांतही अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवा, त्याने आतलं तेल फिरतं आणि सील कोरडे पडत नाहीत.