मेंदूचा अभ्यास करायचा, तर नीटच द्यायची का?

प्रश्न : मी बारावीला आहे, पीसीबी ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). माझ्या लहान मामेभावाला फिट्स येतात. रक्तातली साखर नॉर्मल, पण पाठीतल्या पाण्यात कमी निघाली. असं का होतं, याचाच अभ्यास करावासा वाटतो. घरचे म्हणतात, नीट दे. काय करू? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : भावाचं निदान त्याच्या डॉक्टरांवर सोड, कारण पाठीतल्या पाण्यात साखर कमी होण्याची कारणं बरीच असतात. पण तुला पडलेला प्रश्न अस्सल आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा सुमारे २० टक्के लागते, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून ग्लुकोज झिरपत नाही. त्या पेशींवरचं ग्लुट-१ नावाचं प्रथिन एकेक रेणू धरतं, स्वतःचा आकार बदलतं आणि रेणू आत सोडतं. पुढे चेतापेशींत हेच काम मुख्यतः ग्लुट-३ करतं. स्नायूंमधल्या ग्लुट-४ला इन्सुलिनचा इशारा लागतो, या दोघांना लागत नाही. ग्लुट-१चं जनुक बिघडलं, तर रक्तात साखर असूनही मेंदू उपाशी राहतो. हा आजार १९९१ मध्ये अमेरिकेत मेंदूविकारतज्ज्ञ डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यावर भरपूर स्निग्धांशाचा कीटोजेनिक आहार देतात, कारण स्निग्धांशापासून शरीरात बनणारे कीटोन हे इंधन वेगळ्या वाहक प्रथिनांमधून मेंदूत शिरतं. मला यातलं हे सगळ्यात विलक्षण वाटतं : वाहकाचं कोडं सुटलं आणि उपचार थेट जेवणाच्या ताटात सापडला.

आता तुझं. अशी मुलं स्वतः तपासावीत, त्यांच्या आईवडिलांशी बोलावं असं वाटत असेल, तर नीटच. एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम न्यूरोलॉजी. अकरा-बारा वर्षं धर. ते प्रथिन रेणू कसा धरतं यातच मन अडकत असेल, तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची अॅप्टिट्यूड टेस्ट दे. पुण्यात आयसर आहेच. पुढे पीएचडीसाठी मानेसरचं एनबीआरसी हे मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्र संशोधन केंद्र किंवा तिथलीच मेंदू व मानसिक आरोग्याची संस्था निम्हान्स. घरच्यांना पैशांची काळजी असणार, आणि ती रास्त आहे. त्यांना सांग, पीएचडीसाठीची जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं.

यंदा दोन्ही परीक्षांचे फॉर्म भर. फक्त आयसरच्या पेपरात गणितही असतं आणि तू ते घेतलेलं नाहीस. तेव्हा अकरावीचं गणिताचं पुस्तक याच आठवड्यात उघड.