माफीनामा लिहिण्याआधी स्वतःचा मथळा वाचा

प्रश्न : मी छोटे साप्ताहिक चालवतो. एकाच रस्त्याचे बिल दोनदा निघाले, अशी बातमी माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांवरून छापली. मथळा होता, ‘मुख्याधिकाऱ्यांनी पैसे लाटले’. आता नगर परिषद आणि मुख्याधिकारी, दोघांच्या वतीने नोटीस आली आहे : सात दिवसांत माफी मागा, नाहीतर पन्नास लाखांची भरपाई आणि फौजदारी. घटनेतले वृत्तपत्रस्वातंत्र्य इथे कामी येईल का?

उत्तर : येईल, पण सगळ्या मजकुराला सारखे नाही. आधी एक सांगतो, घाबरून माफीनामा देऊ नका. उद्या तोच कबुली म्हणून कोर्टात वाचला जाईल. नोटीस हे समोरच्याचे म्हणणे आहे, कोर्टाचा हुकूम नाही.

घटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळे कलम नाही. कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच ते येते. पानांच्या हिशेबाने किंमत बांधून देणारा १९५६ चा कायदा ‘सकाळ’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो याच आधारावर. मात्र याच कलमात अब्रुनुकसानी हे वाजवी निर्बंधाचे एक कारण आहे, आणि फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद २०१६ मध्ये न्यायालयाने कायम ठेवली.

तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम निकाल सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा, राजगोपाल खटल्यातला. नगर परिषदेसारख्या संस्थेला बदनामीपोटी भरपाई मागता येत नाही. अधिकाऱ्यालाही, बातमी त्याच्या सरकारी कामाबद्दल असेल, तर मजकूर खोटा होता आणि सत्याची पर्वा न करता छापला, हे दाखवावे लागते. म्हणजे नोटिशीतला अर्धा दावा इथेच गळतो.

आता तो मथळा. दोन बिले निघाली, हे कागद सांगतात. पैसे कोणी ‘लाटले’, हे कागद सांगत नाहीत. माझी खरी काळजी त्या एका शब्दाची आहे. फौजदारी अब्रुनुकसानीच्या कलमात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, सत्य आणि लोकहित, दोन्ही असतील तर बचाव मिळतो. त्या शब्दाला पुरावा नसेल तर पुढच्याच अंकात, तितक्याच ठळकपणे खुलासा छापा. मसुदा वकिलाला दाखवूनच. खुलासा दुरुस्ती करतो, बातमी मागे घेत नाही.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर घाबरू नका. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तक्रार कोर्टात गेली, तरी दखल घेण्याआधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते. ती तारीख चुकवू नका. माहिती अधिकारातल्या प्रती, पाकिटासकट, आजच वेगळ्या फाइलीत लावा आणि उत्तर मुदतीत, स्पीड पोस्टाने पाठवा.