बहिणीशी दिवसभर मेसेज चालू असतात, तरी ती दुरावल्यासारखी का वाटते?

तुम्ही विचारलंय की बहीण दुसऱ्या देशात असते, सकाळपासून रात्रीपर्यंत चॅट चालू असतं, तरी तिच्या मनात काय चाललंय ते हल्ली कळेनासं झालंय. याला तंत्रज्ञान कारणीभूत आहे का? माझ्या मते खरी गळती एकाच ठिकाणी होते. ज्या गोष्टी तोंडानं बोलायच्या, त्या आपण बोटांनी लिहायला लागलो.

आवाजाची ताकद आपण फार कमी लेखतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली. साहजिकच त्या घाबरल्या. मग काहींना आईला भेटू दिलं, काहींना फोनवर बोलू दिलं, काहींना फक्त चॅट करू दिलं, तर काहींचा आईशी संपर्कच होऊ दिला नाही. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल उतरलं आणि जिव्हाळ्याशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. चॅट केलेल्या मुलींची अवस्था मात्र संपर्क न झालेल्या मुलींसारखीच राहिली. तीच आई, तीच माया, पण आवाज नसला की शरीराला ती पोचतच नाही. मला हे वाचून आत कुठेतरी हललं होतं.

आता तुमच्याच चॅटमधला एखादा ‘ठीक आहे’ काढून बघा. ती थकली होती, रुसली होती, की खरोखरच सगळं ठीक होतं? लिहिताना तिच्या डोक्यात तिचा सूर वाजत असतो, म्हणून आपण स्पष्ट लिहिलंय असं तिला वाटतं. वाचताना तुम्ही त्यात तुमचा सूर भरता. फोनवर हेच दोन शब्द ऐकले असते, तर तुम्ही लगेच विचारलं असतं, ‘काय गं, काय झालं?’

त्यात भर निळ्या टिकांची. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधी उत्तर आलं नाही तर ‘असेल कामात’ म्हणून विषय संपायचा. आता वाचून गप्प बसली, एवढं दिसतं आणि उरलेलं मन रचत बसतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करता येतात. मी केल्यात आणि मला त्याचा फायदाच वाटतो. (ग्रुपमध्ये त्या दिसतच राहतात.)

तंत्रज्ञानानं माणसं तोडली, असं सरसकट मी म्हणणार नाही. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसांना व्हिडिओ कॉलमुळे दूरच्या माणसाशी स्वतःच्या भाषेत बोलता येऊ लागलं, ही फार मोठी गोष्ट आहे. तोंडावर बोलायला बिचकणाऱ्यालाही लिहून मन मोकळं करता येतं.

व्हिडिओ कॉलचं मात्र एक सांगतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपलं की साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात दुसरा सुरू करतो. दहा भाषांच्या अभ्यासात हे दिसलंय. नेटमुळे आवाज थोडा जरी उशिरा पोचला, तरी ही लय मोडते. दोघं एकदम बोलतात, मग दोघंही थांबतात. तुमच्या बहिणीशी बोलताना असं झालं, तर ती तुटक वागतेय असं लगेच समजू नका. चित्र बंद करून नुसतं बोलून बघा.

‘आता अचानक फोन केला तर अवघडल्यासारखं होईल’ असं वाटत असेल, तर अमित कुमार आणि निकोलस एपली यांचं २०२१ सालचं संशोधन तुमच्या कामाचं आहे. जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क करायला सांगितल्यावर लोकांना हीच धास्ती होती. प्रत्यक्षात फोनवर ईमेलपेक्षा जास्त अवघडलेपण आलं नाही, जवळीक मात्र जास्त वाटली.

तेव्हा ‘वेळ आहे का?’ असा मेसेज टाकून वाट बघू नका. तिच्याकडे रात्र नाही ना एवढं बघा आणि थेट फोन लावा. कामाचं काही नसलं तरी चालेल. उचलला नाही, तर व्हॉइस मेसेज ठेवा.